शेवटच्या खुंटीवरचं मोंगकोन

"हे तुझ्या डोक्यावर कुणी घातलं?"

क्रू बुनमांनी विचारलं आणि पुन्हा हातातल्या सुताकडे पाहिलं. ते दोरी वळत होते.

प्रश्न थाई भाषेत होता. शेजारी उभ्या असलेल्या प्रसीतनं तो मराठीत करून सांगितला.

हिंदुराव साळोखे मातीच्या रिंगणात मधोमध उभा होता. सहा फूट उंच, छाती पुढे. मुठींना सुताची दोरी गुंडाळलेली. डोक्यावर बोटभर जाडीचं दोरीचं कडं, मागे शेपटीसारखं टोक निघालेलं. त्याला तिकडे मोंगकोन म्हणतात.

"कुणी म्हंजे? मीच," तो म्हणाला. "खुंटीवर हुतं. घेतलं, घातलं."

प्रसीतनं आधी खांबाकडे पाहिलं.

"सांग की त्यास्नी."

"सांगतो. पण जरा निराळ्या शब्दांत सांगितलं तर चालेल का?"

"हाय तसं सांग."

प्रसीतनं सांगितलं.

ढोल वाजवणाऱ्यानं तळहात ढोलावर सपाट ठेवला. सनईसारखं वाद्य वाजत होतं, ते सुराच्या मध्येच थांबलं. हिंदुरावशी खेळायला उभा असलेला गडी दोन पावलं मागे सरकला आणि जमिनीकडे पाहू लागला.

क्रू बुनमा दोरी वळत राहिले…

*

हे गाव कोरात शहरापासून दोन तासांवर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस, आणि ऊस संपला की साबुदाणा ज्या कंदाचा होतो त्या कंदाची शेतं. ऊस बघून हिंदुरावला बसमध्येच बरं वाटलं होतं. याला उतारा कमी पडणार, असं त्यानं शेजारच्या जर्मन पाहुण्याला हातवारे करून सांगितलंही होतं.

गावाची जुनी विद्या म्हणजे मुआय. मूठ, कोपर, गुडघा आणि नडगी, एवढ्यावर लढायचं. पूर्वी गावातली माणसं लढायला बाहेर जात. आता बाहेरची माणसं बघायला गावात येतात. तिकिटाची खिडकी आहे, गाड्या लावायला जागा आहे, ठोशाचं चित्र असलेले सदरे विकणारं दुकान आहे. गवती छपराखाली मातीचं रिंगण आहे. रिंगणाला लागून खांबांवर उभं असलेलं क्रू बुनमांचं लाकडी घर. घराखालच्या सावलीत ते दिवसभर बसतात आणि मोंगकोन वळतात.

क्रू म्हणजे गुरू. शब्द तोच आहे, फक्त लांबच्या प्रवासात झिजलेला.

प्रसीत त्यांचा पुतण्या. तरुणपणी भिक्खू होता, पाली शिकायला सहा वर्षं पुण्यात राहिला. चीवर सुटलं, मराठी राहिली. येताना बसथांब्यावर त्यानं "यावे, आपली वाटच पाहत होतो," असं म्हटलं तेव्हा हिंदुरावच्या हातातली पिशवी खाली पडली होती.

"लेका, एवढी स्वच्छ मराठी कुठं शिकलास?"

"खानावळीत," प्रसीत म्हणाला. "तिथल्या बाई 'पोळी' नीट म्हटल्याशिवाय पोळी वाढत नसत. माझा 'ळ' यायला तीन आठवडे लागले."

"आमच्याकडं यायचास. आम्ही चपाती म्हणतो. उपाशी ऱ्हायला नसतास."

तेव्हापासून दोघांचं जमलं होतं.

सहलीच्या कंपनीबरोबर आलेली बाकीची मंडळी समुद्रावर गेली होती. हिंदुराव एकटा इकडे आला होता. त्याला काय हवं होतं, ते त्यानं प्रसीतला पहिल्या तासातच सांगून टाकलं होतं.

एक प्रमाणपत्र. त्यावर क्रू बुनमांची सही. आणि त्यांच्याबरोबर एक फोटो.

कोल्हापुरात त्याचं स्वतःचं केंद्र उभं राहत होतं. लाठी, पट्टा, भाला, सगळे मर्दानी खेळ. पुढच्या महिन्यात उद्घाटन. दारासमोरच्या भिंतीवर दोन फूट बाय तीन फूट जागा मोकळी ठेवली होती, खिळाही ठोकून झाला होता. त्या जागी गुरूचा फोटो लागतो.

कोल्हापुरात मर्दानी खेळ खेळणाऱ्याला आधी नाव विचारत नाहीत. विचारतात, कुणाचा पठ्ठा?

गेली तीन वर्षं हिंदुराव या प्रश्नाला खोकून उत्तर देत होता.

इथे दोन दिवस राहणाऱ्या पाहुण्याला गुरुवारच्या वंदनेनंतर क्रू स्वतःच्या हातानं प्रमाणपत्र देत. ते त्या खिळ्यावर बसणार होतं. थायलंडातला गुरू. कोण कशाला विचारायला जातंय…

*

आज बुधवार होता. सकाळी गावच्या गड्यांचा खेळ झाला, तेव्हा हिंदुरावनं रीत पाहिली होती. गडी गुडघे टेकून बसतो. क्रू ओठांतल्या ओठांत काही म्हणतात आणि मोंगकोन त्याच्या डोक्यावर ठेवतात. मग गडी रिंगणाला हळू फेरी घालतो, चारी दिशांना वाकतो, नाचल्यासारखा. परत येतो, पुन्हा डोकं पुढे करतो. क्रू मोंगकोन काढून घेतात. त्यानंतरच लढत.

दुपारी पाहुण्यांची पाळी आली. त्यांच्यासाठी एका टोपलीत रंगीत फडक्यांच्या पट्ट्या ठेवल्या होत्या. जर्मन पाहुण्यानं हिरवी बांधली. हिंदुरावनं टोपलीत पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. ते बारशाला शोभणारं काम होतं.

वर खांबावर खुंट्यांची रांग होती. प्रत्येक खुंटीला एक मोंगकोन. शेवटच्या खुंटीवरचं नवं कोरं होतं, भगव्या-लाल सुताचं. त्यानं हात लांब केला, काढलं, डोक्यावर चढवलं.

बरोबर बसलं. तिथल्या माणसांची डोकी लहान, हिंदुरावचं मोठं. तरी बरोबर बसलं. त्याला त्याचं नवल वाटलं नाही.

*

"मग आता काय?" हिंदुरावनं विचारलं. "खेळायचं का न्हाई?"

"मोंगकोन डोक्यावर असताना लढत नाहीत," प्रसीत म्हणाला.

"तर काढायला सांग त्यास्नी."

प्रसीतनं विचारलं. क्रूंनी मान न उचलता उत्तर दिलं.

"ते म्हणतात, मी घातलेलं नाही."

"म्हंजे?"

"इथली रीत आहे. ज्यानं घातलं त्यानं काढायचं."

"एवढंच ना? मी घातलं, मी काढतो. हाय काय त्यात."

त्याचा हात वर गेला. तेवढ्यात क्रू काहीतरी बोलले. दोन-तीनच वाक्यं.

प्रसीतनं क्रूंकडे एकदा पाहिलं. मग म्हणाला, "काढ, म्हणतात. पण मग तू तुझाच शिष्य झालास… ते 'तू' म्हणतायत. मी 'तुम्ही' म्हणू का?"

"तूच म्हण. वस्तादबी तूच म्हणायचे."

हे तोंडातून गेलं आणि हिंदुराव थांबला. प्रसीतनं ऐकलं होतं, पण वर पाहिलं नाही.

"पुढं काय म्हणाले?"

"तू तुझाच शिष्य झालास. मग प्रमाणपत्रावर सहीही तूच कर."

हात कानाच्या पाळीपर्यंत गेलेला होता. तिथून तो हळूच खाली आला.

गावच्या गड्यानं दोन्ही हात जोडून नमस्कार केला आणि रिंगणाबाहेर गेला. ढोलवाल्यानं पुन्हा ताल धरला. जर्मन पाहुणा आत आला.

हिंदुराव बाकावर जाऊन बसला. डोक्यावर मोंगकोन.

*

जर्मन पाहुण्याला पहिल्याच फेरीत मातीत बसवलं, सगळे हसले, तोही हसला. हिंदुरावनं ते पाहिलं आणि पाहिलं नाही.

त्याला एक ताट दिसत होतं.

खंडेनवमीला तालमीत शस्त्रं मांडतात. लाठ्या, पट्टे, भाले, दोरी लावलेले विटे, सगळ्यांना हळदकुंकू लागतं. दत्तोबा वस्ताद ज्याला शिकवायला लायक समजत, त्याला त्या दिवशी स्वतःच्या हातानं फेटा बांधत. मग तो माणूस स्वतः चार पोरं घेऊन बसायला मोकळा.

हिंदुराव बावीस वर्षं त्यांच्याकडे होता. अख्ख्या पेठेत त्याच्यासारखा लाठीचा हात दुसऱ्याचा नव्हता, हे त्याला ठाऊक होतं, पेठेलाही ठाऊक होतं. दर खंडेनवमीला तो पुढच्या रांगेत बसे. वस्ताद म्हणत, "थांब रं थोडं."

तीन वर्षांमागे ताटात नवा भगवा फेटा होता. वस्ताद गुलालाची वाटी शोधत होते. शंभर माणसं बसली होती. हिंदुराव उठला, ताटातला फेटा उचलला आणि सगळ्यांसमोर स्वतःच स्वतःच्या डोक्याला बांधला.

"बावीस वर्षं थांबलो," तो म्हणाला होता. "आता बास."

 दत्तोबा वस्ताद रिकाम्या ताटाकडे बघत राहिले.

हिंदुराव तालमीतून बाहेर पडला तो पुन्हा गेला नाही…

तो फेटा त्या दिवशी कुणासाठी आणला होता, ते त्यानं विचारलं नव्हतं.

*

ऊन उतरलं तसे पाहुणे बसमधून गेले. राहणारे चार-पाचच उरले. क्रू बुनमांनी प्रसीतमार्फत विचारलं, तुमच्याकडची विद्या दाखवणार का?

हिंदुराव याचीच वाट पाहत होता.

गावच्या गड्यांनी मापाचा बांबू शोधून दिला. त्यानं तो तोलून पाहिला, दोन्ही टोकं जमिनीला लावली, कपाळाला लावली आणि सुरू झाला.

बांबू दिसेनासा झाला. फक्त आवाज राहिला, भुंगा यावा तसा. एका हातातून दुसऱ्या हातात, पाठीमागून, पायाखालून. रिंगणात चारी दिशांना वळून त्यानं चार वार केले. दर वळणाला डावा पाय मातीत घासत गेला आणि मातीत अर्धचंद्र उमटला. चार अर्धचंद्र. मग तो थांबला. श्वासही फुललेला नव्हता.

गडी टाळ्या वाजवत होते. एक जण काहीतरी ओरडला.

"काय म्हणतोय?"

"काका भारी आहेत, म्हणतोय."

"काका? मी काय काका दिसतो?"

"इथे मानानं म्हणतात."

"मानानं म्हणत असलं तर ऱ्हाऊ दे."

क्रू बुनमा दोरी वळत होते. त्यांनी त्याच्या हाताकडे एकदाही पाहिलं नव्हतं, हे हिंदुरावच्या लक्षात आलं होतं. ते सगळा वेळ खालीच बघत होते.

"ते विचारतायत," प्रसीत म्हणाला, "हे तुला कुणी शिकवलं?"

समोर मातीत चार अर्धचंद्र होते. हिंदुरावनं बांबू खांबाला टेकवला.

"कुणी न्हाई," तो म्हणाला. "असंच. बघून बघून."

प्रसीतनं सांगितलं. क्रूंनी मान हलवली, जशी एखाद्यानं आज वारा पडलाय म्हटल्यावर हलवावी. मग ते उठले, मातीत उमटलेल्या त्या खुणांना वळसा घालून घराच्या जिन्याकडे गेले. एकीवरही पाय पडू दिला नाही.

जेवताना हिंदुरावनं विचारलं, "हे डोक्यावरचं कुणाचं हाय रे?"

प्रसीत भात वाढत होता. "उद्या कळेल," तो म्हणाला. "आणखी एक सांगायचं राहिलं. मोंगकोन जमिनीला टेकवायचं नसतं. अंथरुणालाही नाही."

"मग झोपायचं कसं?"

"ते मलाही माहीत नाही. अशी वेळ आजवर कुणावर आली नाही."

हिंदुराव खांबाला पाठ लावून बसल्या बसल्या झोपला. काढणं एका हाताचं काम होतं, बघायलाही कुणी नव्हतं. का काढलं नाही, हे त्यानं पुढे कुणालाच सांगितलं नाही.

सकाळी मान आखडली होती. खाली होईना.

*

गुरुवार.

त्यांच्याकडेही गुरूला वंदन करायचा वार गुरुवारच, हे ऐकून हिंदुराव म्हणाला, "मग दुसरा कुठला असणार?"

रिंगण झाडून पाणी शिंपडलं होतं. कालचे अर्धचंद्र गेले होते. प्रत्येकाच्या हातात केळीच्या पानाचा द्रोण दिला होता. हिंदुरावनं आत पाहिलं. भाताच्या लाह्या होत्या. दूर्वांची जुडी होती.

"दूर्वा?" तो म्हणाला. "ह्या हितं कशा?"

"पायाखाली तुडवल्या तरी वाढतात, म्हणून," प्रसीत म्हणाला. "आणि हे फूल ओळखलंत का? याचा अर्थ असा की…"

"वांग्याचं फूल हाय. मला सांगतोस व्हय? आमच्या मळ्यात वांगीच वांगी हायत. फळ धरायला लागलं की खाली मुंडी घालतंय ते…"

तो बोलायचा थांबला. मान ताठच होती, इच्छा असती तरी वाकली नसती.

सगळे रांगेत गुडघे टेकून बसले. गावचे गडी, जर्मन पाहुणा, त्याची बायको. हिंदुराव उभाच होता.

"गुडघा दुखतोय," त्यानं प्रसीतला सांगितलं. "उजवा."

एक प्लॅस्टिकचं स्टूल आलं. हिंदुराव रांगेच्या शेवटी स्टुलावर बसला, सगळ्यांपेक्षा हातभर उंच. मांडीवर द्रोण, डोक्यावर मोंगकोन.

क्रू बुनमा पांढरा सदरा घालून आले. ठेंगणे, पाठीत थोडे वाकलेले, अनवाणी. खांबाजवळ गेले, पहिल्या खुंटीवरचं मोंगकोन घेतलं, पहिल्या गड्याच्या डोक्यावर ठेवलं. त्याचा द्रोण दोन्ही हातांनी घेतला. दुसरी खुंटी, दुसरा गडी. प्रत्येक वेळी परत खांबापर्यंत जात होते. एकदम चार काढून हातात घेतली असती तर फेऱ्या वाचल्या असत्या. पण ते घाईत नव्हते.

जर्मन पाहुण्याची खुंटी आली. त्याच्या बायकोची आली.

मग क्रू खांबाजवळ गेले आणि शेवटच्या खुंटीसमोर उभे राहिले.

खुंटी रिकामी होती.

ते तिथे थोडा वेळ थांबले. मग तसेच, मोकळ्या हातांनी, हिंदुरावसमोर आले.



"प्रसीत," हिंदुराव हळू आवाजात म्हणाला, "त्या खुंटीवरचं कुणाला मिळणार हुतं?"

प्रसीतनं क्रूंकडे पाहिलं. क्रूंनी डोळ्यांनीच हो म्हटलं.

"तुम्हालाच," प्रसीत म्हणाला. "दोन महिन्यांपूर्वी तुम्ही अर्ज भरून पाठवला होता. कंबर, उंची, डोक्याचा घेर. एवढ्या मापाचं इथे तयार नव्हतं. त्यांनी नवं वळायला घेतलं. दहा दिवस लागले."



मांडीवरचा द्रोण कलला होता. दोन-तीन लाह्या खाली मातीत पडल्या होत्या. त्याला पुन्हा ते ताट दिसलं. गुलालाची वाटी शोधणारे वस्ताद दिसले. भगवा फेटा…

"तुझा डावा पाय दुखतो का?" क्रूंनी प्रसीतमार्फत विचारलं.

हिंदुराव दचकला. "डावा? न्हाई. उजवा."

"काल वळताना डावा घासत होता. चारी वेळा."

"ते तसंच असतं. आमची वळायची पद्धत हाय ती."

"आमची म्हणजे?"

"तालमीतली. समदे तसंच वळत्यात."

"सगळे लंगडे आहेत?"

रांगेतला एक गडी फिसकन हसला. हिंदुरावलाही हसू आलं, तोंडापर्यंत आलं आणि तिथेच राहिलं.

बावीस वर्षं तो तसा वळत होता. त्याच्याबरोबरचे सगळे तसेच वळत. दुसऱ्या तालमीची माणसं पाय उचलून वळत, आणि यांची पोरं त्यांना हसत. पाय का घासायचा, हे कुणी विचारलं नव्हतं. वस्ताद जसे वळत, तसं वळायचं.

वस्तादांचा डावा घोटा मोडलेला होता. हिंदुराव तालमीत यायच्या आधी कधीतरी. वैद्यानं बांधला, तो वाकडा बसला. तेव्हापासून ते तो पाय उचलत नसत, ओढत.

हिंदुरावनं आपल्या डाव्या पायाकडे पाहिलं. मान दुखली, तरी पाहिलं. धडधाकट पाय होता.

"हा पाय कुणाचा?" क्रू बुनमांनी विचारलं.

 बाहेर उसाची एक ट्रॉली गेली, तिचा आवाज दूर जाऊन संपला.

"दत्तोबा वस्तादांचा," हिंदुराव म्हणाला.

तीन वर्षांत हे नाव त्यानं मोठ्यानं घेतलं नव्हतं. आवाज त्याला स्वतःलाच अनोळखी वाटला.

"आहेत?"

"हायत. ब्याऐंशीचे."

प्रसीतनं 'ब्याऐंशी' थाईत सांगितलं. क्रूंनी मान डोलावली. आपण त्र्याऐंशीचे, असं ते प्रसीतला म्हणाले, आणि काका-पुतण्याला त्याची थोडी मजा वाटली.

मग क्रू पुढे सरकले. त्यांनी दोन्ही हात उचलले आणि हिंदुरावच्या डोक्यावरच्या मोंगकोनला लावले.

हिंदुरावनं डोळे मिटले.

बसल्या बसल्या झोपल्यानं मोंगकोन एका बाजूला कललं होतं. क्रूंनी ते सरळ केलं. मागची शेपटी नीट केली, गाठ चाचपून पाहिली, सैल होती ती आवळली. एक दूर्वा त्याच्या द्रोणातून घेतली आणि कानापाशी दोरीत खोचली.

आणि हात काढून घेतले.

मोंगकोन डोक्यावरच होतं.

हिंदुरावनं डोळे उघडले. प्रसीतच्या हातात प्रमाणपत्र होतं. त्यावर हिंदुरावचं नाव होतं, गुरूच्या नावाची ओळ कोरी होती. हिंदुरावनं ते मागितलं नाही. प्रसीतनंही पुढे केलं नाही.

"उंचीला केवढे आहेत तुझे वस्ताद?" क्रूंनी विचारलं.

बसून सांगता येईना. हिंदुराव स्टुलावरून उठला, सरळ उभा राहिला. मग तळहात आडवा करून स्वतःच्या छातीला लावला.

"हितपर्यंत," तो म्हणाला.

क्रू बुनमांनी त्या हाताकडे पाहिलं. तिथून नजर वर नेली, मोंगकोनपर्यंत. मधलं अंतर एकदा डोळ्यांनी मोजलं…

"मग वाकावं लागेल," ते म्हणाले.